भडक्याचे माप

एकोणिसाव्या शतकात रॉकेलच्या दिव्यांचे स्फोट होत आणि माणसे होरपळत. दोष बहुधा दिव्याचा नसे. तेलात स्वस्त नाफ्ता मिसळलेला असे आणि नुसत्या नजरेला ते कळत नसे.

ब्रिटनने १८६२ साली कायदा करून सीमा आखली. १०० अंश फॅरनहाइटच्या खालीच पेट घेणारी वाफ सोडील ते तेल धोकादायक. पण तपासणी उघड्या भांड्यात होई. झुळूक आली की वाफ उडे, आकडा बदले आणि व्यापारी व तपासनीस भांडत बसत. फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाने भांड्यावर झाकण घातले. १८७९च्या कायद्याने त्याचे उपकरण स्वीकारले आणि सीमा ७३ अंशांवर आणली. ही सवलत नव्हती. बंद भांड्यात वाफ कोंडते, म्हणून तेच तेल कमी तापमानाला भडकते.

ही चाचणी मी साकीनाक्याच्या एका प्रयोगशाळेत पाहिली. पितळी वाटीत द्रव हळूहळू तापवतात. ठरावीक अंशांनी झाकणाची खिडकी उघडून बारीक ज्योत आत दाखवतात. एका क्षणी निळसर झळक पृष्ठभागावरून धावते आणि विझते. तोच फ्लॅश पॉइंट. आपल्याकडे मुळातच उकाडा, म्हणून कित्येक नमुने आधी थंड करावे लागतात.

आपला पेट्रोलियम कायदा १९३४चा. त्यात आज २३ अंश सेल्सिअसखाली भडकणारे द्रव ‘अ’ वर्गात, ६५पर्यंतचे ‘ब’मध्ये आणि ९३पर्यंतचे ‘क’मध्ये येतात. गंमत पाहा, एबलच्या ७३ फॅरनहाइटचे सेल्सिअसमध्ये साधारण २३च होतात!

आता खैराणी रोडच्या गाळ्यांकडे वळू. थिनरमध्ये वापरतात त्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट अवघा ४ अंश. मुंबईत कितीही थंडी पडली तरी पारा तिथवर उतरत नाही. म्हणजे उघड्या डब्यातून पेटू शकणारी वाफ बारा महिने निघतच असते. ती हवेहून जड. जमिनीलगत सरपटत ती कोपऱ्यातल्या स्टोव्हपर्यंत जाते. आणि टर्पेंटाइनचा आकडा पस्तिशीच्या आसपास असला, तरी त्यात थोडे पेट्रोल मिसळले की तो झपाट्याने खाली येतो. म्हणून मिश्रणाचा प्रत्येक घाणा नव्याने तपासायचा.

१८ डिसेंबर २०१७च्या पहाटे याच रस्त्यावर फरसाणच्या गाळ्याला आग लागून १२ कामगार गेले. ती आग थिनरची नव्हती. पण जिथे काम तिथेच झोप, ही रीत थिनरच्या गाळ्यांतही आहे.

तिथले एक चाचा बोट बुडवून, वास घेऊन माल ‘असली’ की ‘मिलावटी’ ते सांगतात. त्यांच्या नाकाला मी सलाम करतो. पण नाकाला अंश कळत नाहीत. तपासलेला आकडा मालकाच्या फायलीत राहतो. तो पिंपावर, चाचांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिला गेला, तर रात्री स्टोव्ह कुठे पेटवायचा हे त्यांचे तेच ठरवतील.