मागच्या रांगेतला पियानो

दिवाळी आटोपून थोडे दिवस झालेत आणि साल आहे 1958. तुम्ही जव्हारच्या कड्यावर उभे आहात. खाली दरीत भाताची कापणी उरकत आलीय, खळ्यांवरून पेंढ्याचा वास वर येतोय. पालघर जिल्हा व्हायला अजून 56 वर्षं आहेत, हा ठाणे जिल्हा आहे. मुकण्यांचं संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली असली, तरी जयविलास राजवाड्याकडे बोट दाखवताना माणसं अजून ‘महाराजांचा’ म्हणतात.

अंधार पडला की तुम्ही वाळवंड्याच्या बाजूला उतरा. आवाज आधी कानावर येईल, माणसं नंतर दिसतील. तारपा वाजतोय. वाजवणाऱ्याच्या जवळ जा आणि वाद्य नीट बघून घ्या. वाळवलेला, आतून कोरलेला दुधीभोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांवर बोटांसाठी पाडलेली भोकं, पुढे ताडाच्या पानांचा वळवून केलेला कर्णा, आणि फट राहू नये म्हणून सांध्यांना लावलेलं मधमाशीचं मेण. यातलं काहीही दुकानातून आणलेलं नाही. वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले आहेत आणि सूर तुटत नाही, कारण नाकाने आत घेतलेला श्वास तो तोंडातली हवा संपायच्या आत पुढे ढकलतोय. या गावात धिंडांच्या घरी तारपा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्याच घरातले भिकल्या धिंडा, ज्यांचं नाव पुढे या वाद्याशी कायमचं जोडलं जाणार आहे, ते या वर्षी ऐन तारुण्यात आहेत.

नाच बघा. एकमेकांच्या कमरेला हात घालून पोरंपोरी फिरताहेत. तारपावाल्याने चाल बदलली की पावलं बदलतात. सगळा फेर त्याच्याभोवती फिरतो, पण लोक बघत असतात ते फेराकडे. हे मनात ठेवा, कारण आज मी तुम्हाला ज्या मुलाकडे नेणार आहे, त्याची कहाणी जगाने उलट्या टोकाकडून सांगितलीय. जगाला दिसतो ‘क्वीन’ बँडचा एकटा गायक, फ्रेडी मर्क्युरी, पिवळं जाकीट घालून मूठ उंचावणारा. माझं म्हणणं असं, की तो मोठा झाला चौघांच्या फेरात, आणि फेरात राहायला तो शिकला सातारा जिल्ह्यात, मागे पियानोवर बसून.

निघण्याआधी एकदा उत्तरेला बघा. या डोंगरांपलीकडे समुद्राच्या अंगाला वलसाड आहे, इंग्रजांचं बुलसार. तिथल्या एका पारशी कुटुंबाचं आडनाव गावावरूनच पडलंय, बुलसारा. बोमी बुलसारा तिथून झांझिबारला गेले आणि ब्रिटिश सरकारच्या न्यायालयात रोखपाल झाले. त्यांच्या मुलाचा, फारूखचा म्हणजे पुढच्या फ्रेडीचा, जन्म तिथलाच, 5 सप्टेंबर 1946 चा. 1958 साली जव्हार, बुलसार आणि पाचगणी ही तिन्ही ठिकाणं एकाच राज्यात आहेत, द्विभाषिक मुंबई राज्यात. दीड वर्षाने, 1 मे 1960 ला, हे राज्य दुभंगेल आणि वडिलांचं मूळ गाव गुजरातेत, शाळा महाराष्ट्रात, आईवडील आफ्रिकेत, अशी त्या मुलाची तऱ्हा होईल.

जव्हारला लोक ‘ठाण्याचं महाबळेश्वर’ म्हणतात. चला, आता खऱ्या महाबळेश्वराच्या वाटेला लागू.

पुण्याहून निघालेली एस.टी. वाईला थांबून पसरणीचा घाट चढतेय. खाली कृष्णेचं खोरं, वर टेबललँडची सपाट कड. पाचगणीत उतरलात की पहिली जाणवते ती थंडी आणि सिल्व्हर ओकची रांग. सेंट पीटर्स ही मुलांची निवासी शाळा. इंग्रजी धाटणीची, कडक घंटांची. फारूखला आठव्या वर्षी इथे आणून सोडलं, 1955 साली. झांझिबारहून मुंबईपर्यंत बोट, मग पुण्यापर्यंत रेल्वे, मग हाच घाट. घर इतकं लांब, की बऱ्याच सुट्ट्या त्याने मुंबईला आजी आणि मावशीकडेच काढल्या. वर्गातल्या मुलांनी फारूखचं ‘फ्रेडी’ केलं, आणि पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’सुद्धा. तोंडात चार दात जास्तीचे होते. हसताना ओठांवर हात धरायची सवय त्याला इथेच लागली असणार असं मला वाटतं, पण तो रडवेला मुलगा होता असं मात्र समजू नका. टेबलटेनिसमध्ये तो शाळेचा विजेता होता आणि बाराव्या वर्षी त्याला कनिष्ठ गटातल्या अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक मिळाला.

मुख्याध्यापकांनी घरी पत्र पाठवलं होतं, की मुलाला संगीताची चांगली जाण आहे, थोडी जास्त फी भरलीत तर पियानो शिकवू. आईवडिलांनी होकार दिला. माझ्या लेखी एका लांबच्या शाळेतल्या शिक्षकाने लिहिलेलं ते पत्र या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा कागद आहे. मुलगा लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. पण नोटेशनपेक्षा त्याचे कान तयार होते. रेडिओवर एकदा गाणं ऐकलं, की लगेच जाऊन पियानोवर ते काढायचं, असं त्याच्याबरोबर वाजवणाऱ्या डेरिक ब्रांचने पुढे सांगितलंय.

आता सभागृहात या आणि मागे एका बाकावर बसा. शाळेचा कार्यक्रम आहे आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनीही आल्यात. पाच मुलं मंचावर येतात. बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’. गिटार घेऊन पुढे उभा आहे तो ब्रूस मरे, गाणं त्याचं. दुसरी गिटार डेरिक ब्रांचकडे. ड्रमवर व्हिक्टरी राणा, नेपाळहून आलेला. फारंग इराणीसमोर आहे ते वाद्य वाकून बघा. चहाच्या मळ्यातून माल येतो तसलं लाकडी खोकं पालथं घातलंय, त्यावर एक काठी उभी केलीय, आणि काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत एकच दोरी ताणलीय. काठी मागे ओढली की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. एवढ्यावर हा मुलगा बास वाजवतो. रात्री वाळवंड्यात भोपळ्यात घुमणारी हवा तुम्ही ऐकलीत, इथे तीच हवा चहाच्या खोक्यात घुमतेय.

आणि फ्रेडी? तो पियानोवर आहे, मागे. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी चालू आहेत, समोरच्या मुली किंचाळताहेत, आणि ज्याच्या गळ्यासाठी पुढे सगळं जग वेडं होणार आहे तो इथे फार तर साथीला सूर लावतोय. डावा हात ठेका धरतो, उजवा हात गाणाऱ्याच्या ओळी भरून काढतो. ब्रूसने श्वास घेतला की फ्रेडी ती जागा भरतो, ब्रूस पुन्हा सुरू झाला की बाजूला होतो. साथ करणाऱ्या माणसाचा कान असा तयार होतो. आपल्याकडे पेटीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. गवयाच्या मागे बसून ज्याने वर्षं काढली, त्याला कुठे थांबायचं हे कळतं, आणि थांबायचं कळलेला माणूस गायला लागला की तो वेगळाच गातो.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. शिक्षण मध्येच रखडलं आणि तो झांझिबारला परतला. जानेवारी 1964 मध्ये तिथे उठाव झाला, सुलतानाची सत्ता गेली, आणि बुलसारा कुटुंब लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिलं. ईलिंगच्या कलामहाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइन शिकून घेतलं. ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर होते. त्यांचा गायक 1970 मध्ये बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. बँडचं नाव त्याने ‘क्वीन’ ठेवलं, स्वतःचं ‘मर्क्युरी’. 1971 मध्ये बासवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ब्रायन खगोलभौतिकीचा विद्यार्थी, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा, टेलर दंतवैद्यकी सोडून जीवशास्त्राकडे वळलेला. ब्रायनची गिटार त्याने आणि वडिलांनी मिळून घरी बनवलेली, दांडा जुन्या फायरप्लेसच्या चौकटीच्या लाकडाचा. दुकानाबाहेरचं वाद्य इथेही आहेच.

ऑगस्ट 1975 मध्ये मात्र थांबायला हवं. वेल्समधल्या मॉनमथ गावाजवळ रॉकफील्ड नावाची शेतवाडी आहे, तिथे स्टुडिओ आहे. आत फ्रेडी पियानोवर, डीकन बासवर, टेलर ड्रमवर. तिघं एकदम वाजवताहेत, पण मध्येच फ्रेडी थांबतो आणि म्हणतो, इथे ऑपेराचा भाग येईल. गाणं त्याच्या डोक्यात पुरं आहे, बाकीच्यांना अजून दिसत नाही. तरीही कुणी उठून जात नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तयार होतंय.

आवाज भरायची वेळ आली की तिघं माइकभोवती उभे राहतात. खालचा सूर ब्रायनचा, मधला फ्रेडीचा, वरचा टेलरचा, इतका वरचा की बाईचा वाटावा. एक ओळ गायची, पुन्हा तीच गायची, आधीच्या ध्वनिफितीवर चढवायची, मग पुन्हा. दिवसाचे दहा-बारा तास हेच. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून आरपार दिसायला लागलं. कोरस म्हणून ऐकू येणारा तो सगळा जमाव म्हणजे ही तीन माणसं. निर्माता रॉय थॉमस बेकर शेजारी उभा आहे. तुम्ही एका कोपऱ्यात उभे राहून मोजायला लागलात तर मोजणी चुकेल.

पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, असं सगळ्यांनी बजावलं होतं. 31 ऑक्टोबरला ते आलं आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बँड कुठे तुटतात ते त्यात दिसतं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं गाणं होतं. जितक्या तबकड्या विकल्या गेल्या तितक्यांचं मानधन मागच्या गाण्यालाही, पुढच्याइतकंच. लोकांनी विकत घेतलं एक गाणं आणि पैसे मिळाले दोघांना, म्हणून चौघांत बरीच वर्षं धुसफूस राहिली. हा प्रश्न या बँडपुढे जास्तच टोकदार होता, कारण चौघंही लिहीत. ‘वुई विल रॉक यू’ ब्रायनचं, ‘वुई आर द चॅम्पियन्स’ फ्रेडीचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकनचं, ‘रेडिओ गा गा’ टेलरचं. शेवटी 1989 च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी ठरवलं, की गाणं कुणाचंही असो, नाव ‘क्वीन’चं लागेल. तमाशाच्या फडांपासून बँडबाजाच्या पथकांपर्यंत कितीतरी संच वाटणीवरून फुटलेले आपण बघितलेत. या चौघांना वाटणीचा मार्ग सापडायला जवळजवळ वीस वर्षं लागली, पण सापडला.

आता 13 जुलै 1985, लंडनचं वेम्बली स्टेडियम, संध्याकाळचे पावणेसात वाजायला आलेत. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ चाललंय. समोर बहात्तर हजार माणसं आहेत. प्रत्येक बँडला वीसेक मिनिटं मिळणार आहेत. या चौघांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केलीय. फ्रेडी धावत येतो, हात उंचावतो, आणि सरळ पियानोवर जाऊन बसतो. दिवसाउजेडी, इतक्या माणसांसमोर, सुरुवात तो पाचगणीच्या जागेवरून करतो.

मग तो उठतो. टेलरच्या गाण्यावर हजारो हात डोक्यावर जाऊन एकदम वाजतात, एकही हात मागे राहत नाही. तुम्हीही टाळी वाजवाल, वाजवल्याशिवाय राहवणार नाही. एकवीस मिनिटांत सहा गाणी: दोन ब्रायनची, एक टेलरचं, तीन फ्रेडीची. ब्रायनच्या सुरावटीच्या वेळी फ्रेडी त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. बारा वर्षांच्या मुलाने ब्रूस मरेसाठी जागा सोडली होती, तशीच.

24 नोव्हेंबर 1991 ला लंडनच्या राहत्या घरी तो गेला, एड्स झाल्याचं त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. अंत्यविधीला पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. वय 45. डीकन 1997 नंतर मंचावरून दूर झाला. ब्रायनने तीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला प्रबंध काढला, सूर्याभोवतीच्या धुळीवरचा, आणि 2007 मध्ये डॉक्टरेट मिळवली. तो आणि टेलर पुढेही क्वीनच्या नावाने वाजवत राहिले.

हेक्टिक्सच्या मुलांचं पुढे काय झालं, हे बहुतेक लेख विसरतात. डेरिक ब्रांच ब्रिटिश नट झाला. लाइव्ह एड झालं त्याच 1985 साली आलेल्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ या चित्रपटात तो आहे. ड्रमवाला व्हिक्टरी राणा नेपाळी सैन्यात वरपर्यंत चढला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला. आणि चहाच्या खोक्यावर बास वाजवणाऱ्या फारंग इराणीने पुण्यात ‘बाऊंटी सिझलर्स’ चालवलं. कॅम्पात जेवायला गेलेल्या कितीतरी पुणेकरांनी क्वीनच्या गायकाच्या पहिल्या बासवादकाकडे बिल भरलंय.