उरायासुचा गेलेला किनारा

उरायासु हे टोकियो उपसागरावरचे कोळ्यांचे गाव होते. शिंपल्या आणि नोरी शेवाळ ही त्याची कमाई. 1958 मध्ये कागद कारखान्याच्या काळ्या सांडपाण्याने शिंपल्या मेल्या. संतापलेले कोळी थेट कारखान्यात घुसले! त्याच वर्षी जपानने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदे केले.

तरी समुद्र वाचला नाही. 1971 पर्यंत कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि भरावाने गाव जवळपास चौपट झाले.

उरला तो सानबान्झेचा चिखलपट्टा. तिथला नवा भराव 2001 मध्ये रद्द झाला, हा नागरिकांचा मोठाच विजय. उपसागराच्या पलीकडे, योकोहामात, स्वयंसेवक आणि शाळकरी मुले आमामो हे सागरी गवत पुन्हा रुजवतात: उन्हाळ्याच्या सुरुवातीला बिया गोळा करायच्या, रोपे वाढवायची, मग उथळ पाण्यात लावायची.