हात विटाळणारे ग्रंथ

सोवळ्या-ओवळ्याचे नियम आपल्याला काही नवे नाहीत. पण ज्यू लोकांचा एक नियम वाचून मी थबकलेच. मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्याला शिवल्यावर हात विटाळतात, तो ग्रंथ पवित्र!

उलटं वाटतं ना? कारण मात्र अगदी घरगुती आहे. पुरोहितांसाठी काढलेलं धान्य लोक तोराच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवत. दोन्ही पवित्र, मग एकत्र ठेवायला काय हरकत? पण धान्याच्या वासाने उंदीर यायचे आणि ग्रंथही कुरतडायचे. मग शास्त्र्यांनी ठरवलं, ग्रंथाला शिवलं की हात अशुद्ध, आणि अशुद्ध हात त्या धान्याला लावायचा नाही. धान्य आपोआप दूर गेलं. हा उपाय कुणा गृहिणीनेच सुचवला असावा असं मला उगीचच वाटतं.

पुढे कोणता ग्रंथ धर्मग्रंथांत घ्यायचा हा वादही याच शब्दांत झाला. ‘गीतरत्न’ हात विटाळतं का? ‘उपदेशक’? रब्बी अकिवांनी ‘गीतरत्ना’ची बाजू हिरिरीने मांडली. यहेज्केलचा ग्रंथ तोराशी जुळत नाही म्हणून बाजूला पडणार होता. तालमुद सांगतो, हनन्या बेन हिज्कीया ३०० घागरी तेल घेऊन माडीवर बसले आणि एकेक विसंगती सोडवूनच उतरले. ३०० घागरी! महिन्याचं तेल मोजून आणणाऱ्या आपल्याला धडकीच भरेल.

बेन सिराला मात्र असा वाली मिळाला नाही. इ.स.पू. १८०च्या सुमारास जेरुसलेममध्ये लिहिलेलं हे नीतीचं पुस्तक. मुलगी म्हणजे बापाच्या जिवाला घोर, असंही त्यात आहे. रब्बी त्यातली वचनं आवडीने सांगत, तरी यादीत ते आलं नाही. जाळलं कुणी नाही, पण नकला होईनाशा झाल्या आणि मूळ हिब्रू पाठ दिसेनासा झाला. उरला तो नातवाने केलेला ग्रीक अनुवाद, तोही ख्रिस्ती लोकांनी जपलेला.

पण देवाचं नाव असलेलं जीर्ण पान ज्यू लोक फेकत नाहीत. ते ‘गेनिझा’त ठेवतात, पुढे पुरतात. कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगच्या गेनिझात तर पत्रं, हिशेब, लग्नाचे करारही साठत गेले.

१८९६ मध्ये ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासातून काही जुनी पानं आणली आणि केंब्रिजच्या सोलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यातलं एक हिब्रू बेन सिराचं निघालं! शेख्टर त्याच हिवाळ्यात कैरोला गेले आणि सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. त्यांत बेन सिराची आणखी पानं सापडली.

मुलींचा घोर लागलेल्या त्या म्हाताऱ्याचं हरवलेलं पान दोन बहिणींनी आणून दिलं. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती मात्र १९४८ मध्ये.