प्रतीक्षेची बावीस वर्षे

पानिपतावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. कोणाचे चुकले, कोण आधी निघून गेला, गनिमी कावा का सोडला, हे वाद अडीचशे वर्षे चालू आहेत. त्या युद्धातून जे परतलेही नाहीत आणि मेल्याची खात्रीही ज्यांच्या घरी पोचली नाही, त्यांच्या घरांत पुढे काय घडले, याचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला. आम्हांला येथे तेवढाच करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ नगरपासून करता येतो. अहमदनगरचा (आता अहिल्यानगरचा) किल्ला १७५९ साली निजामाकडून पेशव्यांच्या हाती आला आणि त्यातून पेटलेल्या युद्धात सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर जिंकले. त्या विजयाचा गुलाल उतरतो न उतरतो तोच उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पत्नी पार्वतीबाई सोबत होत्या. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सैन्याची फळी फुटली. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पार्वतीबाई दक्षिणेत परतल्या. भाऊ परतले नाहीत.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की, रणांगणात शिर नसलेले एक धड सापडले, खुणांवरून ते भाऊंचे ठरवून त्यास अग्नी दिला गेला. इतिहासाला एवढा पुरावा पुरतो. पण तो अग्नी शेकडो कोस दूर, परक्या छावणीच्या परवानगीने दिलेला होता. पुण्यातील घराला ना देह दिसला, ना अस्थी.

असेच दुसरे घर शिंद्यांचे. नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे ही त्यांची जहागीर. जनकोजी शिंदे पानिपतावर जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले. सुटकेची बोलणी चालू असता, गोष्ट फुटेल या भयाने त्यांना गुपचूप ठार करण्यात आले, असे काशीराज सांगतो. गुपचूप झालेल्या मृत्यूला साक्षीदार नसतात, म्हणून जनकोजींच्या नावानेही पुढे तोतया निघाला. पण शिंद्यांची सरदारी रिकामी ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. वारशाचा झगडा काही वर्षे चालला आणि १७६८ च्या सुमारास ती महादजींकडे स्थिरावली. माणसाची वाट पाहता येते, दौलतीला वाट पाहता येत नाही, हा या दोन घरांतला भेद होय.

पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. हा त्यांचा भाबडेपणा, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, असा मार्ग धर्मशास्त्राने आखून ठेवलेला होता. ही मुदत १७७३ मध्ये भरली. पार्वतीबाई त्या दाराने बाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा ‘गेला’ असे ठरताच बाईचे कुंकू, केस, वस्त्र, पंगतीतील जागा, सारेच जात असे. ज्या मृत्यूची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्याची शिक्षा भोगण्यास ही बाई तयार नव्हती, असे आमचे अनुमान आहे. तिच्यावर कोणी बळजबरी केली नाही, ही गोष्ट पेशवाईच्या जमेस धरावी लागेल.

पण घराने मोकळी ठेवलेली जागा बाहेरच्यांनाही दिसत होती. माधवरावांच्या काळात उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. चौकशीत तो तोतया ठरला व कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला सोडले. हजारो लोक त्याच्याभोवती जमले, कोकणातील बरेच किल्ले त्याने घेतले आणि तो बोरघाटापर्यंत आला. तेव्हा गादीवर दोन वर्षांचे मूल होते, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला होते. भाऊ जिवंत निघाले असते, तर बारभाईंचा कारभार एका दिवसात उलथला असता. महादजींच्या फौजेने बंड मोडले, आंग्र्यांनी तोतयास पकडले आणि पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षअखेर त्यास देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिले.

तोतयामागे धावलेले सारेच स्वार्थी नव्हते. पानिपतात ज्यांचे कोणी ना कोणी नाहीसे झाले होते, अशी घरे महाराष्ट्रात असंख्य होती. खुद्द कारभारी नाना फडणीस पानिपताहून जिवंत परतले, पण त्यांची आई परतली नाही. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही माणूस येऊ शकेल, ही आशा त्या बंडाच्या बळात मिसळलेली असावी. तोतयाला शिक्षा देता येते. त्याला जन्म देणाऱ्या प्रतीक्षेला देता येत नाही.

पार्वतीबाई १७८३ साली वारल्या. त्यांच्या उत्तरक्रियेबरोबरच भाऊंचीही उत्तरक्रिया झाली, असे इतिहासकार नोंदवतात. बावीस वर्षे न लागलेला निकाल वाट पाहणारे माणूस गेल्यावर लागला.

आज कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे कलम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. सात वर्षे माणसाची काहीच वार्ता नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. श्रीगोंद्यात काय किंवा पुण्यात काय, बेपत्ता माणसाच्या बायकोला सातबाऱ्यावर वारसनोंद हवी असेल, तर आधी न्यायालयात जाऊन ‘माझा नवरा मेला आहे असे माना’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. कायदा मुदत ठरवून देतो, आणि ती व्यवहारासाठी आवश्यकही आहे. ते वाक्य उच्चारण्याची घडी मात्र प्रत्येक घराला स्वतःच ठरवावी लागते. पार्वतीबाईंनी ते वाक्य अखेरपर्यंत उच्चारले नाही.