देव्हाऱ्यातील चित्र आणि संग्रहातील चित्र

म्हैसूरच्या चित्रकलेचा विचार करताना समीक्षक बहुधा शैली आणि कर्तृत्व हे दोनच निकष हाती घेतात. चित्र कोणत्या परंपरेतील, ते कोणी रेखाटले, एवढे ठरले की विवेचन पुरे झाले असे मानण्यात येते. परंतु ज्या चित्रासमोर पिढ्यान्‌पिढ्या निरांजन तेवले, त्याच्या बाबतीत हे निकष अपुरे पडतात. ते चित्र कशासाठी घडले, हा प्रश्न तेथे अटळ होतो.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तिसरे कृष्णराज वडेयर गादीवर आले. १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला. राजाची सत्ता गेली, पण कलेचा आश्रय राहिला. या राजाने सिद्ध करविलेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या नऊ विभागांच्या ग्रंथात देवतांची रूपे सचित्र संगृहीत आहेत. वर्ण, आयुधे, वाहन ही सारी ध्यानश्लोकाने बांधलेली. चित्रकाराच्या स्वैर कल्पनेला तेथे वाव थोडा. म्हैसूरचा चित्रकार सफेद्याचा पातळ उठाव देऊन त्यावर सुवर्णपत्र बसवी. तंजावरच्या मराठे राजांच्या काळात बहरलेल्या चित्रांतील उठाव याहून ठळक व खडे जडविलेला असे. समईच्या मंद उजेडात हेच सोने देवतेचा अलंकार होऊन उजळते. संग्रहालयाच्या प्रखर प्रकाशात त्याचे निव्वळ कौशल्य उरते.

इटलीतील प्रबोधनकालाकडे पाहिले तरी हाच भेद आढळतो. फ्लॉरेन्सच्या सांतिस्सिमा अनुन्झियाता या चर्चमधील मेरीच्या चित्राचा चेहरा देवदूताने पुरा केला, अशी आख्यायिका होती. नवस फेडणाऱ्यांच्या मेणाच्या प्रतिमांनी ते मंदिर भरून गेले होते. फोर्ली येथे १४२८ मध्ये एका शाळेला आग लागली. भिंतीवरचे, लाकडी ठशाने कागदावर छापलेले मेरीचे साधे चित्र त्या आगीतून वाचले, आणि गावाने ते मिरवीत कॅथीड्रलमध्ये नेले. थोर चित्रकारांच्या त्या युगात एक निनावी छापील कागद चमत्कारी ठरला. मूळ कृती आणि प्रत यांतील अंतर भक्ताच्या लेखी नव्हते.

राजा रविवर्मा यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्यांची मूळ तैलचित्रे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहेत. तेथे रसिक ती निरखतात. त्यांच्या देवदेवता घराघरांत पोहोचल्या त्या मात्र १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेल्या छापखान्यातून. कित्येक घरांत त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना कापडाची वस्त्रे, जर आणि टिकल्या चिकटविण्यात आल्या. चित्रकाराने संपविलेले चित्र गृहिणीने पुन्हा हाती घेतले. १९७२ मध्ये तो छापखाना आगीत भस्मसात झाला, तरी देव्हाऱ्यांतील तसबिरींची पूजा खंडित झाली नाही.

स्वस्त, भडक, अनुकरणात्मक म्हणून या तसबिरींची उपेक्षा झाली. कलामूल्याच्या तराजूत ती सर्वस्वी अन्यायाची नसेलही. तथापि कुंकवाचे बोट, फुलाचा डाग आणि धुराची काजळी यांना चित्रावरील मळ समजून पुसून टाकणारी समीक्षा चित्राच्या आयुष्याचा मोठा भाग पुसून टाकते. म्हैसूरच्या सोनेरी पटापासून मळवलीच्या छापील कागदापर्यंतचा इतिहास लिहावयाचा, तर चित्रकाराच्या हाताइतकाच पूजकाच्या हाताचाही मागोवा घ्यावा लागेल.