हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या फोर्ट विभागातील इतिहासप्रसिद्ध वर्तुळाकार चौक. पूर्वेस टाउन हॉल, पश्चिमेस सेंट टॉमस कॅथीड्रल, मध्यभागी उद्यान व भोवताली सारख्या दर्शनी भागांच्या कमानदार इमारती अशी त्याची रचना आहे. एल्फिन्स्टन सर्कल हे त्याचे पूर्वीचे नाव होय.

ब्रिटिशांच्या तटबंदीयुक्त किल्ल्यातील ‘बाँबे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान प्रथम येथे होते. त्याच्या काठी गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर याच्या काळात चर्चचे बांधकाम सुरू झाले. परंतु त्याच्या भिंती सु. चाळीस वर्षे अर्धवट राहिल्या. रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने निधी जमवून ते पूर्ण केले व १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. या चर्चकडे जाणाऱ्या वेशीवरूनच ‘चर्चगेट’ हे नाव रूढ झाले. वेस पाडली गेली, नाव मात्र टिकले. मैदानावर कापसाच्या गाठींच्या राशी पडत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला.

टाउन हॉलची कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश याने १८०४ मध्ये स्थापिलेल्या लिटररी सोसायटीत निघाली. सोडती काढूनही खर्च भागेना, तेव्हा सरकारने भार उचलला. कर्नल टॉमस कौपर याच्या आराखड्यानुसार ग्रीक डोरिक शैलीतील ही वास्तू १८३३ मध्ये पुरी झाली. प्रशस्त पायऱ्या व भव्य स्तंभ यांमुळे ती सत्तेचे प्रतीक भासत असली, तरी तिचे खरे महत्त्व एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयामुळे आहे. मुंबई विद्यापीठाचा १८६२ मधील पहिला पदवीदान समारंभही येथेच झाला. त्यात पदवी घेणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारातून मुंबईत अमाप पैसा आला. त्याच सुमारास सर बार्टल फ्रिअरच्या कारकीर्दीत तट पाडण्यात आला. ओसाड मैदानाचे भूखंड पाडून विकावेत, ही मूळ कल्पना चार्ल्स फोर्जेट याची. खरेदीदारांनी ठरलेल्या नमुन्याबरहुकूमच दर्शनी भाग बांधावेत, अशी अट घालण्यात आली. चौकाची एकरूपता या अटीचे फळ असून नियोजनबद्ध नगररचनेचा मुंबईतील हा एक आरंभीचा प्रयोग म्हणता येईल. सर्कलचे काम १८७२ मध्ये पूर्ण झाले.

टाउन हॉलसमोरील वडाखाली शेअर दलाल जमत. या नव्या रचनेत मात्र त्यांना स्थान लाभले नाही. संख्या वाढेल तशी जागा बदलत १८७४ मध्ये ते दलाल स्ट्रीटवर स्थिरावले. मुंबई शेअर बाजाराची संघटित सुरुवात १८७५ ची.

स्वातंत्र्यानंतर चौकास बेंजामिन गाय हॉर्निमन (१८७३–१९४८) याचे नाव देण्यात आले. बाँबे क्रॉनिकल या दैनिकाच्या या इंग्रज संपादकाने भारतीय राष्ट्रवादाची बाजू निर्भयपणे मांडल्याने सरकारने त्यास १९१९ मध्ये हद्दपार केले होते. तो १९२६ मध्ये परतला. मुंबईत हद्दपारीची शिक्षा भोगलेल्या पत्रकाराने गव्हर्नराचे स्थान घ्यावे, हा बदल केवळ नावापुरता नव्हता. १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेल्या मुंबई समाचार या गुजराती वृत्तपत्राचे कार्यालयही याच परिसरातील लाल इमारतीत आहे.