क्रोमचें खनिज आणि जगाचा बाजार

केशोरी हें गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत वसलेलें गांव. भोंवतालीं धानाच्या बांध्या, त्यांपलीकडे जंगल, आणि बाजारांत तेथल्या नांवाजलेल्या मिरचीचे ढीग. अशा गांवाचा आणि दक्षिण आफ्रिकेंतील खाणींचा, चीनमधील भट्ट्यांचा किंवा ओडिशांतील सुकिंदा खोऱ्याचा संबंध काय, असें कोणीहि विचारील. परंतु हा संबंध रोज दोन वेळां आपल्यापुढें मांडलेला असतो. केशोरींतील घरीं पानें वाढलीं म्हणजे जें ताट समोर येतें तें बहुधा स्टीलचें असतें. तें गंजत नाहीं, त्याला कल्हई लागत नाहीं, आंबट कालवण त्यांत कळकत नाहीं. याचें श्रेय क्रोमियम नांवाच्या एका धातूकडे जातें. शंभर भाग पोलादांत निदान साडेदहा भाग क्रोमियम असलें तरच तें स्टेनलेस म्हणजे न गंजणारें ठरतें. या धातूच्या खनिजाचा व त्याच्या व्यापाराचा इतिहास मी आज आपणांस थोडक्यांत सांगणार आहें.

आपल्या भागांत हा इतिहास सांगण्याला विशेष कारण आहे. १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचें गांव. 'भाण' म्हणजे पितळ, त्यावरूनच गांवाला हें नांव पडलें असें सांगतात. त्या पितळेला स्टीलनें स्वयंपाकघरांतून हळूहळू माळ्यावर चढविलें, आणि दारोदार फिरणारा कल्हईवालाहि दिसेनासा झाला. ज्या वस्तूनें आपल्या जिल्ह्याच्या जुन्या धंद्याला धक्का दिला ती कोठून आली आणि तिचा पैसा कोणाच्या पदरीं पडला, हें जाणून घेणें आपलें कामच आहे.

क्रोमियमचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यानें १७९७ सालीं लावला. सैबेरियांतून आलेल्या शिशाच्या तांबड्या खनिजांत त्याला हा नवा धातु आढळला. त्याच्या क्षारांचे पिवळे, हिरवे, नारिंगी असे नाना रंग पाहून ग्रीक भाषेंतील 'रंग' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नांव देण्यांत आलें. पुढें लोह व क्रोमियम यांचें मिळून झालेलें एक काळें, जड खनिज ठिकठिकाणीं सांपडूं लागलें. त्याला क्रोमाइट म्हणतात, आणि व्यापाराच्या दृष्टीनें क्रोमियम मिळविण्याचें तेंच एक खनिज आहे.

आरंभीं त्याला मागणी होती ती रंगासाठीं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या आयझॅक टायसन याची गोष्ट या संबंधांत प्रसिद्ध आहे. १८२७ सालीं तेथील बाजारांत एका गाडींतील पिंप हलूं नये म्हणून त्याला काळ्या दगडांचें टेकण लावलेलें टायसननें पाहिलें. गाडीवाल्याच्या लेखीं ते निव्वळ धोंडे होते. टायसननें तें क्रोमाइट आहे हें ओळखलें, तसले दगड जेथें मिळत त्या जमिनी हस्तगत केल्या, आणि पुढें सुमारें वीस वर्षें जगाचा क्रोमचा व्यापार त्याच्या मुठींत राहिला. १८४८ च्या सुमारास तुर्कस्तानांत समृद्ध साठे सांपडले तेव्हां कोठें ती मूठ सैल झाली. श्रोतेहो, क्रोमच्या व्यापाराचा सारा धडा या लहानशा गोष्टींत आहे. दगड ज्याच्या गाडींत असतो त्याला तो जड होतो. ज्याला त्याचा उपयोग ठाऊक असतो त्याला तो पैसा देतो.

रंगानंतर कातडें कमावण्यांत क्रोमचा उपयोग होऊं लागला. परंतु खरी क्रांति झाली ती पोलादांत. म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९३ च्या सुमारास विजेच्या भट्टींत क्रोमाइट व कोळसा एकत्र तापवून क्रोमियमयुक्त धातु काढून दाखविला. लोखंड व क्रोमियम यांच्या या मिश्रधातूला फेरोक्रोम म्हणतात. पोलादाच्या कारखान्याला लागतें तें हेंच. मग १९१२ सालीं जर्मनींत क्रुप्प कारखान्यानें, आणि १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें. आज जगांत निघणाऱ्या क्रोमाइटचा फार मोठा हिस्सा फेरोक्रोमच्या भट्टींत जातो, आणि त्यांतला बहुतेक भाग अखेर स्टेनलेस स्टीलमध्यें उतरतो. एक टन फेरोक्रोमला सुमारें दोन ते अडीच टन खनिज आणि साडेतीन-चार हजार युनिट वीज खर्चीं पडते. हा विजेचा आंकडा आपण लक्षांत ठेवावा. पुढें तोच मोठमोठ्या देशांचें नशीब ठरवितांना दिसेल.

हिंदुस्थानांत या खनिजाची कथा ब्रिटिश अमदानींत सुरू होते. बलुचिस्तानांत हिंदुबाग येथें १९०१ सालीं क्रोमाइट सांपडलें व १९०३ पासून तें खणून काढण्यास आरंभ झाला. म्हैसूर संस्थानांत व सिंहभूम जिल्ह्यांतहि त्याच दशकांत साठे मिळाले. पहिल्या महायुद्धांत शस्त्रांच्या पोलादासाठीं क्रोमची निकड इतकी वाढली कीं, हिंदुबागेचें खनिज उचलण्यासाठीं अडीच फुटी नॅरोगेज आगगाडी मुद्दाम घालण्यांत आली. आपल्या गोंदिया-चांदा मार्गावरून अनेक वर्षें धांवली त्याच मापाची ती गाडी. तिनें खनिज खालीं आणलें, बंदरावर पोंचविलें, आणि तें परदेशीं गेलें. त्या खनिजाची भट्टी मात्र या देशांत पेटली नाहीं. १९४७ च्या फाळणींत बलुचिस्तानच्या खाणी पाकिस्तानकडे गेल्या.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही कथा ओळखीची वाटेल, कारण मँगनीजच्या बाबतींत तीच आपल्या अंगणांत घडली आहे. १८९६ सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीजच्या वाघिणी भरून निघूं लागल्या. तें सारें खनिज कच्च्या रूपांतच विलायतेच्या व इतर देशांच्या भट्ट्यांकडे जाई. १९३३ सालीं विशाखापट्टणचें बंदर खुलें झालें तें मुख्यतः मध्यप्रांतांतील मँगनीज बाहेर नेण्यासाठींच. खोदणाऱ्याच्या वांट्याला मजुरी आली, रेल्वेला भाडें मिळालें, आणि धातूचा नफा भट्टीवाल्यानें घेतला.

या रीतींत पहिला बदल करणाऱ्यांत तुमसरची एक पेढी होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. श्रीराम दुर्गाप्रसाद या नांवानें मँगनीजच्या खाणी व निर्यात चालविणाऱ्या सराफ कुटुंबानें १९५५ सालीं फेरो ॲलॉईज कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. तिची नोंदलेली कचेरी तुमसरला श्रीराम भवनांत, आणि कारखाना आंध्रांत विजयनगरमजवळ गरिविडी येथें. ज्यांनीं कच्चा दगड विकला त्यांनींच आतां फेरो-मँगनीज ओतावयास घेतलें. पुढें हीच कंपनी क्रोमकडे वळली आणि १९८३ सालीं ओडिशांत भद्रकजवळ रांदिया येथें तिची फेरोक्रोमची भट्टी उभी राहिली.

भट्टी ओडिशांतच कां, याचें उत्तर भूगर्भांत आहे. महाराष्ट्रांत पवनीच्या परिसरांत आणि सिंधुदुर्गांत कणकवलीच्या बाजूस क्रोमाइट आहे, पण थोडें. भारतांतील साठ्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक भाग एकट्या ओडिशांत, त्यांतहि मुख्यतः जाजपूर जिल्ह्याच्या सुकिंदा खोऱ्यांत आहे. १९४९ सालीं टाटांच्या शोधकांना तो सांपडला.

आतां थोडें जगाकडे पाहूं. क्रोमचा बाजार कधींच निव्वळ मालाचा बाजार नव्हता. त्यांत राजकारण सदैव मिसळलेलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीला क्रोम मिळे तें मुख्यतः तटस्थ तुर्कस्तानकडून. जर्मनीचे युद्धसामग्रीचे मंत्री आल्बेर्ट श्पेअर यांनीं १९४३ च्या अखेरीस हिटलरला सादर केलेल्या टिपणांत तुर्की क्रोम बंद झाल्यास शस्त्रनिर्मिति किती दिवस टिकेल याचा हिशेबच मांडला होता. दोस्तांच्या दडपणाखालीं एप्रिल १९४४ मध्यें तुर्कस्ताननें तो पुरवठा थांबविला.

दुसरें उदाहरण ऱ्होडेशियाचें. तेथील अल्पसंख्य गोऱ्यांच्या सरकारनें १९६५ सालीं एकतर्फी स्वातंत्र्य पुकारलें, म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानें १९६६ सालीं त्याच्या क्रोमवर बंदी घातली. अमेरिकेची मग मोठी पंचाईत झाली. ऱ्होडेशियाचें क्रोम घ्यावें तर राष्ट्रसंघाचा भंग, न घ्यावें तर तें रशियाकडून महाग घेणें प्राप्त. अखेर १९७१ सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायद्यांत दुरुस्ति करून तें खरेदी करण्याची वाट मोकळी केली, आणि १९७७ सालीं ती पुन्हां बंद केली. तत्त्व आणि ताट यांच्या झगड्यांत सहा वर्षें ताट जिंकलें, असें म्हणावें लागेल.

याच सुमारास एका कारागिरीनें बाजाराचें तोंडच फिरविलें. १९६८ सालीं अमेरिकेंत आर्गॉन व प्राणवायु फुंकून वितळलेल्या पोलादांतील कार्बन काढून टाकण्याची पद्धति कारखान्यांत प्रथम सुरू झाली. तोंपर्यंत स्टेनलेस स्टीलला कमी कार्बनचें महाग फेरोक्रोम लागे, आणि त्यासाठीं ऱ्होडेशिया-तुर्कस्तानसारखें कसदार खनिज हवें असे. आतां हलक्या प्रतीच्या खनिजापासून केलेलें स्वस्त फेरोक्रोमहि चालूं लागलें. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड प्रदेशांत अशा खनिजाचे थरच्या थर पडले होते, आणि तेथील कोळशाची वीज स्वस्त होती. तेथें भट्ट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या व तो देश फेरोक्रोमचा राजा झाला.

परंतु राजाचें सिंहासन विजेच्या तारेवर उभें होतें. २००८ सालीं दक्षिण आफ्रिकेंत विजेचा दुष्काळ पडला आणि दर वर्षानुवर्षें चढत गेले. इकडे चीननें स्टेनलेस स्टीलचे अवाढव्य कारखाने काढले. आज जगांतील निम्म्याहून अधिक स्टेनलेस स्टील तेथें होतें. चीनजवळ क्रोमाइट जवळ जवळ नाहींच. तें त्यानें आफ्रिकेंतून कच्चेंच मागविलें आणि आपल्या भट्टींत वितळविलें. प्लॅटिनमच्या खाणींत प्लॅटिनम काढून घेतल्यावर उरणाऱ्या भुकटींतहि क्रोमाइट असतें, आणि तेंहि स्वस्तांत हातीं आलें. २०१२ च्या सुमारास फेरोक्रोमच्या उत्पादनांत चीननें दक्षिण आफ्रिकेला मागें टाकलें. २०२५ सालीं आफ्रिकेंतील कांहीं मोठ्या भट्ट्या विझवाव्या लागल्या. जगाच्या एकूण क्रोमाइटपैकीं निम्म्याच्या आसपास खणणारा देश पुन्हां कच्चा दगड विकण्याकडे झुकला. आपल्या मध्यप्रांतांतील मँगनीजची जुनी वाट ती हीच.

भारतानें या बाबतींत थोडें शहाणपण दाखविलें. २००७ च्या अर्थसंकल्पांत कच्च्या क्रोम खनिजाच्या निर्यातीवर टनामागें २००० रुपये कर बसविण्यांत आला, आणि पुढच्या वर्षीं तो ३००० रुपये झाला. दगड बाहेर जाऊं नये, धातु होऊन जावा, हा त्यामागचा हेतु. आज भारत फेरोक्रोमच्या मोठ्या उत्पादकांत व निर्यातदारांत गणला जातो.

तथापि भट्टी घरीं आली म्हणजे सारें कल्याण झालें असें समजूं नये. भाव ठरतात चीनच्या मागणीवर, आणि त्या लाटांत बलाढ्य कारखानेहि गटांगळ्या खातात. तुमसरच्या सराफांची ती कंपनीहि अखेर दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली आणि २०२० सालीं वेदान्त समूहाकडे गेली. याहून गंभीर गोष्ट पाण्याची आहे. क्रोमियमच्या एका रूपाला षट्-संयुजी क्रोमियम म्हणतात. तें विषारी असून कर्करोगास कारण होतें. उघड्या खाणींतील पाण्याबरोबर तें सुकिंद्याच्या दमसाल नाल्यांत उतरलें. २००७ सालीं एका अमेरिकन संस्थेनें जगांतील दहा अत्यंत दूषित स्थळांची यादी केली तींत सुकिंद्याचें नांव होतें. आपलें ताट निष्कलंक राहावें म्हणून दुसऱ्या एका खोऱ्याचें पाणी डागळलें, हें विसरून चालणार नाहीं.

शेवटीं पुन्हां केशोरीच्या त्या ताटाकडे येऊं. आपल्या देशांत भांड्यांसाठीं जें स्टील पुष्कळ वापरतात त्यांत महाग निकेल थोडें ठेवून त्याची जागा मँगनीजला दिलेली असते. म्हणजे ओडिशाचा क्रोम आणि आपल्या वैनगंगेच्या मुलखांतून निघतें तें मँगनीज, असे दोघे सोबती त्या ताटांत एकत्र आलेले असतात. पन्नास-साठ वर्षें आपण मँगनीज दगडाच्या भावानें दिलें. क्रोमच्या बाबतींत तें फार अंशीं टाळतां आलें. उद्यां आपल्या भागांतील जमिनीखालचें जें कांहीं निघेल, त्याचा करार करतांना गांवकऱ्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: दगड कच्चा जाणार कीं धातु होऊन? भट्टीला वीज कोठली व कोणत्या दरानें? आणि खाण बंद झाल्यावर आमच्या नाल्याचें पाणी पिण्याजोगें राहील काय? या प्रश्नांचीं उत्तरें आधीं मागितलीं तर बाल्टिमोरच्या त्या गाडीवाल्याची गत आपली होणार नाहीं.